लाडमोडच्या टेकडीतील संमिश्र द्रव्ये

प्रवरेच्या तीरावरील नेवासे म्हटले की मराठी मन शके १२१२ कडे आणि पैसाच्या खांबाकडे वळते, आणि ते यथार्थच आहे. परंतु ज्ञानदेवांच्याही पूर्वी सुमारे अडीच हजार वर्षे या कसब्यालगतच्या लाडमोड टेकडीवर जी माणसे नांदत होती, त्यांच्या संसाराचा शोध डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकळिया यांनी देव, अन्सारी आदी सहकाऱ्यांसह १९५४ ते १९५६ या काळात थरामागून थर उकलून घेतला, आणि त्याचा साद्यंत वृत्तांत १९६० साली प्रसिद्ध केला. अभियांत्रिकीच्या ज्या विद्यार्थ्याला वर्षअखेरच्या प्रकल्पासाठी संमिश्र द्रव्यांतून एखादी वस्तू घडवावयाची आहे, त्याने काचतंतू आणि रेझिन यांची खरेदी करण्यापूर्वी या टेकडीचा इतिहास वाचावा, असे मला मनापासून वाटते.

त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील घरे लाकडी खांबांच्या आधाराने उभी असत. भिंती कुडाच्या आणि वर मातीचे लिंपण. या खोऱ्यातील काळी माती ओली असता फुगते, वाळली की आकसते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. परंतु भुसा, तूस आणि शेण घालून ती पायांनी तुडवून मुरवली, म्हणजे भेग पडू लागताच काडी तिचे दोन्ही काठ धरून ठेवते. ताण काडीने सोसायचा आणि दाब मातीने, अशी कामाची वाटणी होते. आजच्या तेजस विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के वाटा असलेली कार्बनतंतूंची संमिश्र द्रव्ये याच न्यायाने भार वाहतात. मात्र काडीला मातीची पकड नसेल, तर ती भिंतीत असून नसल्यासारखीच.

हीच गोष्ट त्यांच्या हत्यारांची. कॅल्सेडनी दगडाची सरळ धारेची लहान पाती येथे विपुल सापडली. एकटे पाते बोटांत धरून फारसे काम होत नाही. पण अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत ओळीने बसवून डिंकासारख्या चिकट द्रव्याने पक्की केली, म्हणजे त्यांचा विळा होतो, आणि एक पाते मोडले तर तेवढेच बदलता येते. दगडाची धार, लाकडाची लवचीकता आणि डिंकाची धरणूक यांपैकी एकही गुण उरलेल्या दोहोंवाचून उपयोगी नाही.

विद्यार्थी बहुधा उलट्या टोकाकडून आरंभ करतात. आधी कार्बनतंतूचा मोह आणि मग त्याला साजेशा कामाची शोधाशोध. वास्तविक भार कोठे पडणार व कोणत्या दिशेने, हे पहिल्या दिवशी कागदावर उतरले पाहिजे, कारण तंतू आपल्या लांबीच्या दिशेनेच बळकट असतो. नंतर रेझिन, नंतर साचा. आणि पूर्ण वस्तू ओतण्याआधी त्याच थरांच्या अरुंद पट्ट्या करून त्या वाकवून व मोडून पाहाव्यात. रेझिनला पक्के होण्यास लागणारा अवधी वेळापत्रकात धरावा. बोल्टसाठी छिद्र पाडताना तंतू तुटतात, म्हणून सांध्यांची तजवीज अखेरीस नव्हे, आराखड्यातच करावी.

सांध्याविषयी माझा एवढा आग्रह असण्याचे कारण नेवाशाच्याच एका दफनात आहे. एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ आढळली, आणि ते मणी ओवलेले सूत कापूस व रेशीम यांचे होते. भारतातील रेशमाच्या अत्यंत प्राचीन पुराव्यांत या सुताची गणना होते. एरव्ही असे सूत काही वर्षांतच कुजावे. परंतु तांब्याचा गंज त्यात मुरला, त्या क्षारांनी कुजविणाऱ्या जंतूंना थारा दिला नाही, आणि मायेने गळ्यात घातलेल्या माळेतील तो धागा तीन हजारांहून अधिक वर्षे टिकला. दोन द्रव्ये शेजारी आली की त्यांच्यात काही घडतेच, आणि ते नेहमी असे हितकारक नसते: कार्बनतंतू अॅल्युमिनियमला थेट भिडवला आणि तेथे ओलावा पोहोचला, तर अॅल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. म्हणून विमाने बांधणारे कारागीर या दोहोंमध्ये काचतंतूचा एक पातळ थर घालतात, आणि विद्यार्थ्याच्या प्रकल्पात धातूचा एखादा भाग असेल, तर त्या थरासाठी लागणारे कापड जिनसांच्या पहिल्याच यादीत मांडलेले असावे.