ऐंशी लाखांतले आपण

जून २०२० मध्ये अमेरिकेत 'स्टॉप हेट फॉर प्रॉफिट' ही मोहीम सुरू झाली. मिनियापोलिसमध्ये एका पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला, त्याला महिनाही झाला नव्हता. एनएएसीपी, अँटी-डिफेमेशन लीग, कलर ऑफ चेंज या संघटनांनी कंपन्यांकडे एवढंच मागितलं की जुलैचा एक महिना फेसबुकला जाहिरात देऊ नका. नफरतीच्या मजकुरावर गर्दी जमते, त्या गर्दीला तुमचा साबण दाखवला जातो आणि गल्ला फेसबुकचा भरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. युनिलिव्हर, कोकाकोला, स्टारबक्स धरून हजारावर जाहिरातदार थांबले. २६ जूनला एका दिवसात फेसबुकचा शेअर आठ टक्क्यांहून जास्त घसरला.

आणि पुढे? जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत कंपनीचं उत्पन्न २१ अब्ज डॉलरच्या वर गेलं, आदल्या वर्षीपेक्षा २२ टक्क्यांनी जास्त. अनेकांनी लगेच निकाल दिला की बहिष्कार फसला. मला त्यात दुसरंच काही दिसतं. फेसबुकचं जवळजवळ सगळं उत्पन्न जाहिरातींचं, पण जाहिरातदार होते ऐंशी लाखांहून अधिक. कंपनीनेच सांगितलं की सर्वांत मोठ्या शंभर जाहिरातदारांकडून उत्पन्नाचा फक्त १६ टक्के वाटा येतो. बाकीचा पैसा लहानांचा: शिकवणीवाले, कपड्यांची दुकानं, दवाखाने आणि सेवाभावी संस्था.

त्या लहानांत आमच्या जिल्ह्यातली एक संस्थाही आहे. गरीब मुलामुलींना शिष्यवृत्ती देते, काम चोख आहे. माझ्या वर्गातल्या तीन मुली तिच्या मदतीवर बारावीपर्यंत पोहोचल्या. दर रमजानला ही संस्था फेसबुकवर पैसे भरून जकातीचं आवाहन करते. ते बंद करा, असा अर्ज मी विश्वस्तांकडे दिला आहे.

कारणं लांब शोधायला नकोत. जून २०१४ मध्ये फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून पुण्यात वातावरण तापलं आणि हडपसरला, सोलापूरहून नोकरीसाठी आलेल्या एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला जमावाने मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. डोक्यावर टोपी होती आणि दाढी होती. म्यानमारमध्ये २०१७ साली सात लाखांवर रोहिंग्या देशोधडीला लागले. तिथे हिंसा भडकवण्यासाठी आपला वापर होऊ नये म्हणून आपण पुरेसं केलं नाही, हे फेसबुकने २०१८ मध्ये स्वतः मान्य केलं. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली आणि मारेकऱ्याने ते फेसबुकवर थेट दाखवलं. ज्या खिडकीतून हे सगळं आलं, त्या खिडकीचं भाडं आपण जकातीच्या नावाने भरायचं?

सचिवसाहेबांनी दोन हरकती घेतल्या, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली अशी: "सर, आपल्या भाजीवाल्यांवर बहिष्कार टाका म्हणून एप्रिल २०२० मध्ये मेसेज फिरत होते. आता आपणच बहिष्काराची भाषा बोलायची?"

हा शब्द आपल्याला झोंबतो हे खरं. महाराष्ट्रात तो वाळीत टाकण्याचा शब्द आहे. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिलं ते उगाच नाही. जातपंचायतींच्या या दंडुक्याविरुद्ध राज्याला २०१६ मध्ये कायदा करावा लागला. पण इंग्रजीतला 'बॉयकॉट' वेगळ्या घरातून आला. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी खंड न परवडणाऱ्या कुळांना जमिनीवरून काढत होता. कुळांनी हात उगारला नाही. मजुरांनी पीक कापायचं सोडलं, घरातले नोकर गेले, दुकानदार माल देईनात. भाजीवाल्याची रोजी तोडणारा आणि कारभाऱ्याकडे पाठ फिरवणारा यांना एकाच शब्दाने ओळखावं लागतं, ही भाषेची अडचण आहे.

दुसरी हरकत पैशाची. जाहिरात थांबली तर फी कोण भरणार? इथे मला मॉन्टगोमेरी आठवतं. डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स यांना अटक झाली त्याच रात्री, अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं छापून काढली. (शिक्षकी पेशातल्या माणसाला हा तपशील विशेष प्रिय.) पण पत्रकांनी बस रिकामी राहत नाही. टॅक्सीवाल्यांनी बसच्या भाड्यात, दहा सेंटमध्ये माणसं नेली. पुढे सुमारे तीनशे खासगी गाड्या ठरलेल्या थांब्यांवरून लोकांना नेऊ-आणू लागल्या. कितीतरी जण पायी गेले. असं ३८१ दिवस चाललं. शेवट न्यायालयाच्या निकालाने झाला हे विसरू नये, पण निकाल येईपर्यंत लोक टिकले ते या गाड्यांमुळे. २०२० च्या कंपन्यांनी मुळात एका महिन्याचाच बेत केला होता, आणि बहुतेक जण ऑगस्टमध्ये परतले. शिवाय कोविडमुळे कित्येकांना खर्च कमी करायचाच होता.

तरी काहीच हाती लागलं नाही असं नाही. नागरी हक्कांचा जाणकार वरिष्ठ पदावर नेमा ही मोहिमेची एक मागणी होती, ती २०२१ च्या सुरुवातीला पूर्ण झाली. भारतातल्या द्वेषाच्या मजकुराकडे कंपनी कसा कानाडोळा करते, यावर ऑगस्ट २०२० मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने लिहिलं आणि सप्टेंबरमध्ये तेलंगणातल्या एका आमदाराचं खातं बंद झालं. मोझिला तर २०१८ पासूनच फेसबुकच्या जाहिरातींपासून दूर होती, आणि या कंपनीची मालकी ना-नफा प्रतिष्ठानाकडे आहे.

म्हणून अर्जात मी नुसतं 'बंद करा' लिहिलेलं नाही. संस्थेचं पान राहू द्या, फक्त पैसे भरू नका. जुम्याच्या नमाजनंतर पाच मिनिटांचं निवेदन, प्रत्येक मोहल्ल्यात दोन माणसं, आणि संस्थेच्या मदतीवर शिकून आज नोकरीला लागलेल्यांना फोन. त्यांची यादी मी जमवतो आहे. वाचवलेली रक्कम कुठे गेली हे वार्षिक अहवालात छापावं, आणि जाहिरात का थांबवली याचं पत्र कंपनीला पाठवावं. व्हॉट्सअ‍ॅपही त्याच मालकाचं आहे, तेही सोडणार का, असं एका विश्वस्ताने विचारलं. नाही सोडणार. तिथे आपण जाहिरातीचे पैसे भरत नाही.

सभा या महिन्याच्या शेवटी आहे. ठराव झाला तर शाबानपासून घरोघरी जायला सुरुवात करू. दोन माणसांच्या जोड्यांसाठी आतापर्यंत नऊ नावं आली आहेत, दहावं हवं आहे.