रंगीत प्रकाश आणि स्वमग्न मुले : एका उपचारकल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

विशेष शिक्षणाच्या वर्गांत निळा दिवा, रंग बदलणारी बुडबुड्यांची नळी, प्रकाशतंतूंचा झुपका अशी साधने आता परिचयाची झाली आहेत. त्यामुळे स्वमग्न मूल शांत होते, असे सांगितले जाते. संस्थेचा मर्यादित निधी आणि मुलाचे वर्गातील रोजचे तास या दोहोंशी हा प्रश्न निगडित आहे. म्हणून हा समज कोठून आला व तो कितपत टिकतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

रंगोपचाराची पूर्वपीठिका

स्वमग्नतेला नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून प्रकाशाने मन शांत करण्याचे प्रयोग चालू होते. इटलीतील अलेस्सांद्रिया येथील मनोरुग्णालयात डॉ. पोन्झा यांनी 1870 च्या दशकात रंगीत काचांच्या खोल्या केल्या. उदास रुग्णाला तांबड्या, तर प्रक्षुब्ध रुग्णाला निळ्या खोलीत ठेवले जाई. रुग्ण थोड्याच वेळात सुधारले, असा त्यांचा दावा होता. मात्र तुलनेसाठी साध्या खोलीतील रुग्णांचा गट नव्हता.

या परंपरेचा एक धागा मुंबईशी जुळतो. 1873 साली मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ दिनशाह घडियाली 1911 मध्ये अमेरिकेत गेले. 1920 साली त्यांनी ‘स्पेक्ट्रो-क्रोम’ हे यंत्र पुढे आणले. निरनिराळ्या रंगांच्या काचांतून प्रकाश सोडून बहुतेक सर्व रोग बरे होतात, असा त्यांचा प्रचार होता. 1924 मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेने त्यावर कठोर टीका केली आणि 1947 साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले.

1979 मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे नौदलाच्या कोठडीची भिंत गुलाबी रंगवून कैदी शांत होतात, असे जाहीर झाले. पुढे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील तुरुंगाच्या अभ्यासात असा परिणाम आढळला नाही. प्रथम उत्साहाचा दावा, नंतर काटेकोर पडताळणीत निराशा, हा क्रम या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो.

स्वमग्नता आणि प्रकाश

लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांच्या नोंदींवरून स्वमग्नतेचे वर्णन केले. मोठे आवाज आणि हलत्या वस्तू यांचा या मुलांना होणारा त्रास त्यांनी तेव्हाच टिपला होता. प्रकाशाकडे लक्ष गेले ते नंतर. 1976 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी सहा स्वमग्न मुलांचे निरीक्षण केले. साध्या बल्बपेक्षा ट्यूबलाइटखाली त्यांच्या पुनरावृत्तीच्या हालचाली अधिक दिसल्या. संख्या फार लहान असली, तरी येथे प्रश्नाची दिशा बदलली. कोणता रंग बरे करतो याऐवजी कोणता प्रकाश त्रास देतो, असे विचारले गेले. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश आपल्याकडील विजेवर सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, ही बाब येथे लक्षात घ्यावी लागते.

स्नूझेलनची खोली

आजच्या रंगीत खोल्यांचे मूळ नेदरलँड्समध्ये आहे. 1970 च्या दशकात एडे येथील ‘हार्टेनबर्ख’ केंद्रात यान हुलसेख व आड फेर्हुल यांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी मंद प्रकाश, संगीत, सुगंध आणि मऊ बैठका असलेल्या खोल्या तयार केल्या. हुंगणे आणि पेंगणे या अर्थाच्या दोन डच शब्दांवरून ‘स्नूझेलन’ हे नाव पडले. उल्लेखनीय बाब अशी की, त्यांच्या मते हा उपचार नव्हता. तो निवांत वेळ होता आणि त्यात काय निवडावे, हे त्या व्यक्तीने ठरवायचे होते. 1980 च्या दशकात ही कल्पना इंग्लंडमध्ये गेली आणि तिला साधनविक्रीचे व्यापारी रूप आले. साधने सर्वत्र पोहोचली. निवडीचे तत्त्व मात्र मागे पडले.

अलीकडचे संशोधन

कार्डिफ विद्यापीठातील अभ्यासात 41 स्वमग्न मुलांना अशा खोलीत नेण्यात आले. 2022 मध्ये हा अभ्यास छापून आला. दिवे व इतर साधने चालू-बंद करणे मुलाच्या हाती असताना त्याचे लक्ष अधिक टिकले आणि पुनरावृत्तीच्या हालचाली कमी झाल्या. साधने तीच होती; फरक पडला तो नियंत्रणाने. अमेरिकेतील निदानपुस्तिकेच्या 2013 च्या आवृत्तीतही संवेदनांविषयीची नावड आणि दिव्यांचे विलक्षण आकर्षण या दोन्हींचा लक्षणांत समावेश आहे. एकाला सुखावणारा दिवा दुसऱ्याला असह्य होऊ शकतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

समारोप

स्वमग्न मुलांना हमखास शांत करणारा एखादा रंग आहे, असे या इतिहासातून सिद्ध होत नाही. परंतु त्रासदायक प्रकाश कमी केला आणि उरलेल्या प्रकाशाचे बटण मुलाच्या हाती दिले, तर फरक पडू शकतो, एवढे दिसते. लखलखणारी ट्यूब बदलणे, खिडकीला पडदा लावणे, मुलाला बसण्याची जागा निवडू देणे यांचा खर्च थोडा आहे. महागड्या खोलीचा प्रस्ताव करण्यापूर्वी शिक्षक-प्रशिक्षणात या गोष्टींना स्थान मिळणे आवश्यक आहे.