सशाची मान वाकडी होते तेव्हा...

महानगरांतील सदनिकांमध्ये कुत्र्या-मांजरांच्या जोडीने ससाही आता स्थिरावला आहे. तो भुंकत नाही, त्याला फारशी जागा लागत नाही, शेजाऱ्यांची तक्रारही येत नाही. मुलांच्या हट्टापायी तो घरी येतो; मात्र त्याच्या प्रकृतीविषयीची माहिती त्याच्याबरोबर येतेच असे नाही. मग एखाद्या सकाळी त्याची मान एका बाजूला कललेली आढळते. उभे राहू पाहताच तो कोलमडतो, कधी अंगाभोवती गिरक्या घेत लोळत जातो, त्याची बुबुळे सतत थरथरत असतात. हे दृश्य पाहून घरातील माणसे हादरतात आणि 'अर्धांगवायू झाला, आता उपाय नाही' असा निष्कर्ष काढून मोकळी होतात.

हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा ठरतो. योग्य उपचार आणि चिकाटीची शुश्रूषा मिळाल्यास यातून बरेच ससे सावरतात. काहींची मान कायमची थोडी कललेली राहते, परंतु तेवढ्याने त्यांच्या खाण्या-बागडण्यात फारसा व्यत्यय येत नाही. दगावणाऱ्या सशांपैकी अनेकांचा जीव मेंदूच्या विकाराने नव्हे, तर पहिल्या काही दिवसांत पोटात अन्न न गेल्याने जातो. म्हणूनच या आजारात औषधाइतकेच महत्त्व घरच्या देखभालीला आहे.

आजार कोणता?

सशाची मान वाकडी होण्यामागे दोन कारणे प्रामुख्याने आढळतात. पहिले कारण म्हणजे 'एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली' या सूक्ष्म परजीवीचा मेंदूतील संसर्ग आणि दुसरे म्हणजे कानाच्या आतील भागात झालेला जिवाणूसंसर्ग.

राइट आणि क्रेगहेड या संशोधकांनी १९२२ मध्ये पक्षाघात झालेल्या सशांमध्ये या परजीवीचे प्रथम वर्णन केले. दीर्घकाळ त्याची गणना आदिजीवांमध्ये होत असे. आता तो बुरशीच्या कुळाशी जवळीक असलेला मानला जातो. त्याचे बीजाणू बाधित सशाच्या लघवीतून बाहेर पडतात आणि दूषित चारा-पाण्यावाटे दुसऱ्या सशाच्या पोटात जातात. बाधित मादीकडून गर्भातील पिलांनाही संसर्ग होऊ शकतो. शरीरात शिरल्यावर हा परजीवी मूत्रपिंडे, मेंदू आणि डोळ्यांतील भिंग या ठिकाणी वस्ती करतो. पेशीच्या आत त्याची वाढ होते, पेशी फुटते आणि तेथे दाह निर्माण होतो. तोल जाणे, मान कलणे ही लक्षणे मुख्यत्वे या दाहामुळे दिसतात.

विशेष म्हणजे संसर्ग झालेला प्रत्येक ससा आजारी पडत नाही. ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, वरकरणी निरोगी असलेल्या पाळीव सशांपैकी सुमारे निम्म्यांच्या रक्तात या परजीवीविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. अनेक ससे हा संसर्ग आयुष्यभर बाळगूनही ठणठणीत राहतात. वय, अन्य आजार किंवा मानसिक ताण यांमुळे प्रतिकारशक्ती ढासळली की आजार डोके वर काढू शकतो.

लक्षणे ओळखताना

ससा हा शिकार होणारा प्राणी. दुबळेपणा दिसला की शत्रूचे फावते, या निसर्गनियमामुळे तो आजार शक्य तितका लपवतो. त्यामुळे 'अचानक' वाटणाऱ्या आजाराच्या खुणा पूर्वीपासून असू शकतात: उडी मारताना अंदाज चुकणे, मागचे पाय ओढले जाणे, नेहमीची जागा सोडून लघवी होणे, वजन घटणे, वरचेवर पाणी पिणे किंवा एका डोळ्यात पांढुरका डाग दिसणे. पुढे मान कलते, ससा एकाच दिशेने गोल फिरतो, काही वेळा आकडी येते.

कानाच्या संसर्गातही जवळपास हेच चित्र दिसते. कान खाजवणे, डोके झटकणे, कानाच्या मुळाशी सूज किंवा पू असणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे या खुणा कानाकडे बोट दाखवतात. लोंबत्या कानांच्या 'लॉप' जातीच्या सशांमध्ये कानाचे विकार अधिक आढळतात. याखेरीज डोक्याला मार लागणे किंवा शिशाची विषबाधा यांसारख्या कारणांनीही ससा असा कोलमडू शकतो. घरातील जुना रंग कुरतडण्याची सवय असलेल्या सशाबाबत ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

निदान कसे होते?

केवळ बाहेरून पाहून खात्रीचे निदान करता येत नाही. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी मदत करते, पण तिलाही मर्यादा आहे. प्रतिपिंडे आढळली म्हणजे संसर्ग कधीतरी झाला होता एवढेच कळते. आजची लक्षणे त्याचीच आहेत असे सिद्ध होत नाही. प्रतिपिंडे मुळीच नसतील तर मात्र हा परजीवी कारणीभूत असण्याची शक्यता बरीच कमी होते. कानाच्या आतील पोकळी पाहण्यासाठी क्ष-किरण तपासणी आणि सोय असेल तेथे सीटी स्कॅन उपयोगी पडतो. मूत्रपिंडांची स्थिती समजण्यासाठी रक्तचाचणी करावी लागते. या साऱ्या चाचण्या एकाच वेळी शक्य नसल्या तरी उपचार थांबवून ठेवले जात नाहीत. अनेकदा दोन्ही शक्यता गृहीत धरूनच औषधे सुरू केली जातात.

सशांवर उपचार करण्याचा अनुभव प्रत्येक पशुवैद्याला असतोच असे नाही. त्यामुळे असा डॉक्टर ससा निरोगी असतानाच शोधून ठेवावा. मुंबईतील परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये यांच्याकडेही याबाबत चौकशी करता येते.

औषधोपचार

परजीवीसाठी 'फेनबेन्डॅझोल' हे जंतनाशक वर्गातील औषध साधारणपणे २८ दिवस दिले जाते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानंतर त्याचा वापर रूढ झाला. हे औषध परजीवीची वाढ रोखते. मेंदूत आधीच झालेली हानी ते भरून काढत नाही. त्यामुळे दोन दिवसांत फरक दिसला नाही म्हणून ते बंद करणे चुकीचे ठरते. क्वचित प्रसंगी या औषधाने अस्थिमज्जेवर विपरीत परिणाम होतो. म्हणून मात्रा सशाच्या वजनानुसार डॉक्टरांनीच ठरवावी आणि त्यांच्या सल्ल्याने रक्ततपासणी करून घ्यावी. गुरांसाठी किंवा कुत्र्यांसाठी मिळणारी औषधाची बाटली आणून अंदाजाने पाजणे धोक्याचे आहे, कारण प्रत्येक उत्पादनात औषधाचे प्रमाण वेगळे असते.

दाह आणि वेदना कमी करण्यासाठी, तसेच गिरक्या आणि मळमळ आटोक्यात ठेवण्यासाठी डॉक्टर अन्य औषधे देतात. स्टिरॉइडच्या वापराबाबत पशुवैद्यकांत एकमत नाही. ती प्रतिकारशक्ती कमी करत असल्याने सशांमध्ये त्यांचा वापर जपून केला जातो. कानात संसर्ग असल्यास प्रतिजैविके कित्येक आठवडे चालू ठेवावी लागतात. येथे एक इशारा आवश्यक आहे. घरात माणसांसाठी आणून ठेवलेले 'अमॉक्सिसिलिन' किंवा पेनिसिलिन वर्गातील कोणतेही औषध सशाला तोंडावाटे कदापि देऊ नये. त्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू त्यामुळे नष्ट होतात आणि ते प्राणावर बेतू शकते.

पोट चालू राहिले पाहिजे

सशाची पचनसंस्था सतत चालू राहण्यासाठी घडलेली आहे. त्याला उलटी करता येत नाही, आणि तंतुमय चारा पोटात जाणे थांबले की आतड्यांची हालचाल मंदावते. दहा-बारा तास ससा काहीच खात नसेल किंवा त्याच्या लेंड्या बंद झाल्या असतील, तर ती तातडीची अवस्था समजावी. तोल गेलेल्या सशाला भूक असते, पण भांड्यापर्यंत पोहोचता येत नाही, असे अनेकदा घडते. त्यामुळे चारा त्याच्या तोंडाजवळ न्यावा. वाळलेले गवत, हरळी, कोथिंबीर, गाजराचा पाला हाताने भरवून पाहावा. ओला पाला पाण्याने निथळता दिल्यास थोडे पाणीही पोटात जाते. पाण्याची उलटी बाटली टांगलेली असल्यास तिच्याऐवजी जड, उथळ वाडगे ठेवावे.

तो स्वतः खात नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सुई नसलेल्या सिरिंजने भरवावे लागते. त्यासाठी सशाचे दाणेदार खाद्य कोमट पाण्यात भिजवून, घोटून पातळ करावे. सशाला टॉवेलात सैलसर गुंडाळून, छातीला आधार देऊन सरळ बसवावे. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधील मोकळ्या जागेतून सिरिंजचे टोक आत घ्यावे. एका वेळी अर्धा ते एक मिलिलिटर एवढेच सोडावे आणि त्याने गिळल्याची खात्री झाल्यावर पुढचा घास द्यावा. घाई केल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होतो. वजनाच्या दर किलोमागे साधारण १० मिलिलिटर, दिवसातून चार ते पाच वेळा, असे प्रमाण सामान्यतः ठेवले जाते. मात्र पोट फुगून टणक झाले असेल तर जबरदस्तीने भरवू नये. आतड्यात अडथळा असण्याची शक्यता असल्याने आधी डॉक्टरांना दाखवावे.

स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर रोज ठरावीक वेळी वजन करून ते वहीत लिहावे. लेंड्यांची संख्या आणि आकार, खाल्लेले प्रमाण, औषधाची वेळ यांची नोंद ठेवावी. सुधारणा इतकी संथ असते की नोंदीवाचून ती ध्यानात येत नाही.

निवारा, डोळे आणि त्वचा

गुळगुळीत लादीवर असा ससा उभाच राहू शकत नाही. त्याच्यासाठी एक लहान, कडा नसलेली जागा करावी. तळाशी न सरकणारी चटई, वर मऊ, शोषक कापड आणि चहूबाजूंनी गुंडाळलेल्या टॉवेलांची मऊ भिंत असावी. या आधारामुळे गिरक्या कमी होतात आणि घाबरगुंडीही कमी होते. जागा शांत, मंद उजेडाची असावी. त्याला उगाच उचलू नये. उचलावेच लागले तर छाती आणि पार्श्वभाग दोन्हींना आधार द्यावा. घाबरून मागचे पाय झाडल्यास त्याचा कणा मोडू शकतो. कान धरून उचलणे तर सर्वथा वर्ज्य.

मान ज्या बाजूला कलते त्या बाजूचा डोळा जमिनीवर घासला जाऊन त्यावर जखम होते. तो डोळा रोज पाहावा आणि डॉक्टरांनी सांगितलेले मलम लावावे. लघवीने भिजलेले अंग कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून लगेच कोरडे करावे. पावसाळ्यात ओल्या, मळलेल्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि काही तासांत अळ्या पडतात. त्यामुळे शेपटीखालचा भाग दिवसातून दोनदा तपासावा. उन्हाळ्यात आजारी सशाला सावलीकडे सरकताही येत नाही. खोलीत हवा खेळती ठेवावी आणि कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली त्याच्या शेजारी ठेवावी.

इतर ससे आणि घरातील माणसे

घरात दुसरा ससा असल्यास त्यालाही संसर्ग झालेला असण्याची शक्यता असते. दोघांची जोडी घट्ट असेल तर अचानक केलेली ताटातूटही त्रासदायक ठरते. त्यामुळे त्यांना वेगळे ठेवावे की नाही, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. लघवी झालेली जागा आधी साबणाच्या पाण्याने धुवून मग ब्लीचच्या सौम्य द्रावणाने पुसावी. कपडे आणि भांडी उकळत्या पाण्यात टाकल्यास बीजाणू नष्ट होतात. निरोगी माणसाला या परजीवीपासून फारसा धोका नसतो. मात्र एचआयव्हीबाधित, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा कर्करोगावर उपचार घेणारे रुग्ण घरात असतील तर पिंजऱ्याची सफाई त्यांनी करू नये.

सुधारणा आणि मर्यादा

पहिला आठवडा सर्वांत कसोटीचा असतो. त्यानंतर गिरक्या थांबणे, स्वतः खाऊ लागणे, अंग चाटून स्वच्छ करणे या क्रमाने प्रगती दिसू लागते. मान सरळ होण्यास कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. ससा स्थिरावल्यावर त्याला रोज थोडा वेळ चटईवर चालू द्यावे. तोल सांभाळण्याची नवी सवय त्याच्या मेंदूला त्यातूनच लागते. आजार उलटण्याची शक्यता राहतेच, म्हणून वजनाची नोंद पुढेही चालू ठेवावी.

सर्वच ससे मात्र बरे होत नाहीत. आकडी थांबत नाही, मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, उपचारांनंतरही गिळता येत नाही, वेदना आटोक्यात येत नाहीत, अशा स्थितीत दयामरणाचा विचार पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलावा. तो निर्णय पहिल्या दिवशीच्या भीतीपोटी होऊ नये, तसाच आपल्याला निरोप देववत नाही म्हणून लांबवलाही जाऊ नये. ससा स्वतः खातो का, जवळच्या माणसाची चाहूल लागताच कान टवकारतो का, त्याला शांत झोप लागते का, या प्रश्नांची रोजची उत्तरे वहीत असतील, तर तो निर्णय सशाच्या हिताने घेता येतो.