रासकर, रमेश

संगणकीय छायाचित्रण व नेत्रमापन या क्षेत्रांतील मराठी संशोधक. कॅमेरे, प्रक्षेपक आणि डोळे तपासण्याची साधने यांवरील अनेक पेटंटांवर शोधक म्हणून त्यांचे नाव आहे. जन्म नाशिक येथे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून (सीओईपी) पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून २००२ मध्ये पीएच.डी. झाले. मित्सुबिशी इलेक्ट्रिक कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधील संशोधनशाळेत त्यांनी काही वर्षे काम केले. २००८ मध्ये ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये आले आणि तेथे त्यांनी ‘कॅमेरा कल्चर’ हा संशोधनगट उभा केला.

भिंग सुधारत बसण्यापेक्षा प्रकाश कसा टिपायचा हेच बदलावे आणि चित्र नंतर गणिताने घडवावे, हा त्यांच्या कामाचा गाभा. २००६ मध्ये अमित अग्रवाल व जॅक टम्बलिन यांच्यासह मांडलेले ‘फडफडणारे शटर’ हे त्याचे सुबोध उदाहरण. नेहमीच्या कॅमेऱ्याचे शटर एकदा उघडते नि एकदा मिटते. तेवढ्या वेळात समोरची वस्तू सरकली की चित्र फराटते आणि बारकावे कायमचे पुसले जातात. येथे शटर एका ठरावीक, वरवर अनियमित वाटणाऱ्या क्रमाने अनेकदा उघडझाप करते. चित्र तरीही फराटलेलेच येते. पण तो फराटा गणिताने उलगडता येतो. किंमत मोजावी लागते ती प्रकाशाची, कारण निम्मा वेळ शटर बंदच असते.

हे संशोधन जंगलासाठी झालेले नव्हते, तरी वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणात फराट्याची अडचण तीच आहे. भंडारा जिल्ह्यातील कोका अभयारण्यात किंवा ते ज्याचा भाग आहे त्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात कॅमेरा ट्रॅप (आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे) लावतात, तेव्हा वाघाची ओळख पट्ट्यांवरूनच पटवायची असते. दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असल्याने वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधतात. मात्र पट्टे फराटले तर ते छायाचित्र ओळखीच्या कामाचे राहत नाही. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणच्या कॅमेऱ्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे टिपली. त्यांत वाघांची होती ७६,६५१. रात्रीच्या रानात निम्मा प्रकाश सोडून देणे मात्र परवडणारे नाही, म्हणून तेथे फडफडत्या शटरपेक्षा अवरक्त झोताचाच आधार अधिक व्यवहार्य ठरतो.

सामान्य माणसाला सर्वांत जवळचा वाटेल असा शोध म्हणजे ‘नेत्रा’. व्हितोर पाम्प्लोना, अंकित मोहन व मानुएल ऑलिव्हेरा यांच्यासह तो २०१० मध्ये जाहीर झाला. चष्म्याचा नंबर काढणारी महागडी यंत्रे डोळ्यात प्रकाशझोत सोडतात आणि परत येणारा प्रकाश मोजतात. नेत्राने ही दिशाच उलटवली. मोबाइलच्या पडद्यावर एक छोटी नळी बसवायची. तिच्या टोकाला सूक्ष्म छिद्रे किंवा भिंगे असतात. डोळा लावला की दोन रेषा दिसतात. डोळा निर्दोष असेल तर त्या एकमेकींवर बसतात. दोष असेल तर दुरावतात. तपासून घेणाऱ्याने फोनची कळ दाबत त्या जुळवायच्या. किती सरकवाव्या लागल्या, त्यावरून नंबर निघतो. रेषांचा कोन बदलून हेच पुन्हा केले की सिलिंडरचा नंबरही कळतो. डोळ्यात लेसर सोडावा लागत नाही, प्रकाश मोजणारा संवेदक लागत नाही. पाहणारा माणूसच मोजमापाचे काम करतो. सुरुवातीच्या नमुन्यातील जोडनळीचा खर्च सुमारे दोन डॉलर सांगितला गेला होता.

मर्यादाही याच युक्तीतून येतात. उत्तर तपासून घेणाऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून असल्याने लहान मुलांकडून ते नीट मिळत नाही. जवळ पाहिल्यासारखा डोळ्याने ताण घेतला तर नंबर चुकतो. काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचे आजार यातून कळत नाहीत. मोतीबिंदूसाठी याच गटाने २०११ मध्ये ‘कॅट्रा’ हे वेगळे साधन मांडले. नेत्रासाठी ‘आयनेत्रा’ ही कंपनी निघाली. डॉक्टर नसलेल्या गावांसाठी कल्पिलेल्या या साधनावर आधारलेली घरपोच सेवा २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहरात सुरू झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तंत्र स्वस्त झाले म्हणजे ते गरजवंताकडेच आधी पोहोचते असे नाही.

प्रसिद्धी सर्वाधिक मिळाली ती २०११ मधील ‘फेम्टो-छायाचित्रणा’ला. सेकंदाला सुमारे एक लाख कोटी चित्रे या वेगाने प्रकाशाचा स्पंद बाटलीतून जाताना दाखवण्यात आला. एका स्पंदाचे हे थेट चित्रण नव्हे. असंख्य सारख्या स्पंदांतून जोडून केलेले आहे, हे वृत्तपत्रांतून बहुधा सुटले. आंद्रियास व्हेल्टन आणि पुढे २०२३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले मुंगी बावेंडी यांचा त्यात सहभाग होता. कोपऱ्याआडची, थेट न दिसणारी वस्तू भिंतीवरून परतणाऱ्या प्रकाशावरून ओळखण्याचे काम याच तंत्रातून पुढे आले.

२०१६ मध्ये पाच लाख डॉलरचे लेमेलसन-एमआयटी पारितोषिक त्यांना मिळाले; तेव्हा त्यांच्या नावे ७५ हून अधिक पेटंटे होती. २०१५ च्या नाशिक कुंभमेळ्याच्या निमित्ताने भरलेल्या ‘कुंभथॉन’मागेही तेच होते. गर्दी, आरोग्य, निवास यांवर स्थानिक तरुणांनी उपाय शोधावेत, असा तो उपक्रम होता.

पेटंटांची मालकी मात्र सहसा शोधकाकडे नसते. नोकरीच्या काळातल्या शोधांचे हक्क सहसा संस्थेला द्यावे लागतात, आणि पेटंटाची मुदत अर्जापासून २० वर्षांची असते. म्हणून पेटंटांच्या नोंदी चाळणाऱ्याने रासकरांचे नाव ‘शोधक’ या रकान्यात शोधावे. ‘मालक’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी मित्सुबिशी इलेक्ट्रिक किंवा एमआयटी आढळेल.