बंदरोबंदरी

मुंबई-गोवा म्हटलं की आज हायवे आठवतो, नाहीतर कोकण रेल्वे. पण ही रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती 1998 साली. त्याआधी कित्येक पिढ्या ह्या किनाऱ्याचा हमरस्ता समुद्र होता आणि वाहन होतं आगबोट. तिनं भाषेलाही एक प्रयोग दिला, 'बोट लागणे'. एस.टी. आली तेव्हा त्याच चालीवर माणसांना गाडीही लागू लागली असावी, असा माझा आपला एक तर्क.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत दुसऱ्या दिवशी पणजीला लागे. प्रत्येक बोट प्रत्येक ठिकाणी थांबे असं नाही. बऱ्याच ठिकाणी तर धक्काच नव्हता. बोट समुद्रात उभी राही, किनाऱ्यावरून पडाव येत. लाटेनं पडाव वर उचलला की नेमक्या त्या क्षणी खलाशी माणसाला बखोटीला धरून आत घेई. म्हाताऱ्या, तान्ही पोरं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, सगळं ह्याच वाटेनं. आगोट आली की बोटी बंद. चाकरमान्यांचं वर्ष पंचांगापेक्षा बोटीवर चाले म्हणा ना!

ह्या बोटींवर आमच्या कोकणी मुसलमानांपैकी कितीतरी जण राबत. कोणी सारंग, कोणी तांडेल, कोणी भटारखान्यात. मालक मात्र आरंभी साहेब लोक. त्यांच्याशी टक्कर द्यायला स्वदेशीच्या जोरावर एक देशी कंपनी निघाली. नाव लांबलचक इंग्रजी, पण लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. हा 'माझी' शब्द मला फार मोलाचा वाटतो. बोटींची नावंही ओळखीची, तुकाराम, रामदास, सेंट अँथनी. ह्यांपैकी 'तुकाराम' आणि तिच्याबरोबर 'जयंती' अशा दोन बोटी 11 नोव्हेंबर 1927 ह्या एकाच दिवशी बुडाल्या.

आणि मग 'रामदास'. 17 जुलै 1947, गटारीची अमावास्या. रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. वाचले त्यांतल्या पुष्कळांना रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. रमजान तर दोन-तीन दिवसांवर. माझ्या आईचा मामा रोजे घरी धरायचे म्हणून त्या बोटीत चढला होता. त्याचा जनाजाही निघाला नाही, कारण मय्यत सापडलीच नाही.

आई तेव्हा लहान होती. पण आगबोटीत पाय ठेवायचा नाही, हे तिच्या घरातल्या बायकांचं ठरून गेलं. लग्न होऊन ती मुंबईला आली तीसुद्धा एस.टी.नं, महाडवरून, दिवसभर हाडं खिळखिळी करून. वडील गोदीत कारकून. रोज बोटी बघणारा माणूस! 1967 च्या हिवाळ्यात त्यांनी आठवडाभराची रजा काढली आणि बोटीनं मालवणपर्यंत जाऊ, वाटेत उतरत उतरत, असा बेत मांडला. गावी जायचं नाही, कोणाचं लग्न नाही, मयत नाही. नुसतं बघायला जायचं, ही गोष्टच आमच्यात नवी. आईनं अट घातली : दाभोळ आलं की मी ठरवीन. माहेर तिथून जवळ. नको वाटलं तर उतरून जाईन.

हर्णैपर्यंत तिनं डेकवर डोळे मिटून आयतुल कुर्सी म्हटली. दाभोळला बोट वाशिष्ठीच्या मुखात शिरली, पाणी शांत झालं, आणि तिनं डोळे उघडले. लहानपणापासून जमिनीवरून बघितलेली दाभोळची जुनी मशीद तिला प्रथमच पाण्यावरून दिसली. पडाव येऊन लागला, माणसं उतरली. ती उठली नाही.

दोघं रत्नागिरीला उतरले, ओळखीच्यांकडे राहिले. तिथं थिबाचा राजवाडा बघितला. ब्रह्मदेशचा हा राजा आणि राणी सुपयालत यांना इंग्रजांनी 1886 साली समुद्रमार्गेच इथं आणून ठेवलं. वाडा बांधून झाला 1910 मध्ये, आणि 1916 साली राजा इथंच वारला. वडील राजाबद्दल सांगत. आईला लक्षात राहिली ती राणी, नवऱ्याबरोबर बोटीनं आलेली आणि पुढं तीस वर्षं परतीच्या बोटीची वाट बघणारी. इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा हे मला जास्त बरोबर वाटतं.

पुढं विजयदुर्ग आणि मग मालवण. सिंधुदुर्गाला होडीनं जाताना आईनं पाण्यात हात घातला, एवढंच ती सांगते. वडिलांच्या सांगण्यात तोही पाऊण तासाचा किस्सा असे.

नंतर 'कोंकण सेवक', 'कोंकण शक्ती' ह्या बोटी चौगुल्यांकडून मोगल लाइनकडे गेल्या आणि पुढं ही वाहतूकच थांबली. बंदरांवरची तिकिटाची खोपटी पडली, पडाववाले मासेमारीकडे वळले. 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी रो-रो जाते. रेवस तिथून जवळच. वडील आता नाहीत. आईला त्या बोटीनं नेलं तेव्हा तिनं काशाचा खडक कुठल्या बाजूला, एवढं विचारलं, आणि तिकडं तोंड करून फातिहा पढली.