चांदी आणि सांडपाण्यातले जीवाणू

जळगावचा सराफबाजार अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्या खान्देशात बाळाला चांदीची वाटी भेट देतात. चांदीच्या भांड्यातलं बाधत नाही, असं जुन्या बायका सांगत. त्यात तथ्य होतं. जर्मनीत लाइप्झिगला डॉ. क्रेडे यांनी १८८० मध्ये नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि कित्येकांची दृष्टी वाचली.

पण सगळेच जंतू वैरी नसतात. मैल्यातला विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू विनोग्राडस्की यांनी १८९० मध्ये वेगळे करून दाखवले. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा खेळवली, तळाचा गाळ फेकून न देता पुन्हा वापरला, आणि असे जीवाणू शहराच्या चाकरीला लागले. या दोघांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले. आपल्याकडे हे कुणी फारसं सांगत नाही.

पुढे चांदीचे अतिसूक्ष्म कण निघाले. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक नॅनोमीटर होतो. पायमोज्यांत, कपडे धुण्याच्या यंत्रांत चांदी आली आणि धुणावळीबरोबर गटारात उतरली. २००८ मध्ये अमेरिकेत मिसुरी विद्यापीठातल्या चोई आणि हू यांनी प्रयोग केला. लिटरमागे एक मिलिग्रॅम नॅनोचांदीने अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंचं काम ८६ टक्के मंदावलं. तेवढ्याच विरघळलेल्या चांदीने ४२ टक्के. हे जीवाणू फार सावकाश वाढतात. एकदा मेले की घडी बसायला आठवडे लागतात आणि तोवर अमोनिया नदीत जाऊन मासे मरतात. धुळ्याची पांझरा काय नि आमची गिरणा काय, दोघी शेवटी तापीलाच मिळतात.

मात्र घाबरवून सोडणं मला पटत नाही. प्रयोगशाळेतलं पाणी वेगळं, गटारातलं वेगळं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांना २०११ मध्ये दिसलं, की सांडपाण्यात ही चांदी बहुतांशी गंधकाशी जुळून सिल्व्हर सल्फाइड होते आणि गाळात बसते. काळ्या पडलेल्या पैंजणांवरचा थर तोच. त्या रूपात ती बरीच निरुपद्रवी असते. मला चिंता आहे ती गाळाची, कारण तो खत म्हणून शेतात जातो. आणि मातीतही नत्राचं काम करणारे जीवाणू याच जातीचे असतात.