खराडीच्या दप्तरात नसलेली मधमाशी

मुळा-मुठेच्या काठचे खराडी १९९७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. पुढे शेतांच्या जागी संगणक-उद्योगाच्या इमारती आल्या. या स्थित्यंतरात परागवाहक कीटकांचे काय झाले, हे सातबारा सांगत नाही. त्यात पिकाची नोंद असते, मधमाशीची नव्हे. पुण्यास १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, हे पाहता ही उणीव अधिकच जाणवते. बाजरीचे परागण वारा करतो. भोपळ्यास व कांद्याच्या बियाण्यास मात्र कीटक हवाच. सातेरी माशी झाडांच्या ढोलीत राहते. जुनी झाडे गेली की तिचा आसरा जातो. आग्या माशी उंच सज्जाखालीही पोळे बांधते. तेव्हा इमारतींवर पोळी दिसतात, एवढ्यावरून ऱ्हास झालाच नाही असे अनुमान काढणे आम्हांस धाडसाचे वाटते.